कवि ‘बी’ आणि त्यांचा चाफा

मराठीच्या परीक्षापत्रिकेंत एक प्रश्न बहुधा ठरलेला असतो. कांहीं ओळी दिलेल्या असतात आणि त्यांचें वृत्त ओळखावयाचें असतें. लघुगुरु मांडावयाचे, गण पाडावयाचे, यति कोठें आहे तें सांगावयाचें आणि शेवटीं अलंकाराचें नांव द्यावयाचें. विद्यार्थी हें सर्व पाठ करतात, गुणही मिळवितात. परंतु कवीनें हेंच वृत्त कां घेतलें, दुसरें कां घेतलें नाहीं, हा प्रश्न त्यांच्यापैकीं फार थोड्यांच्या मनांत येतो. या प्रश्नाचें उत्तर छंदःशास्त्राच्या ग्रंथापेक्षां एखाद्या कवीच्या चरित्रांत अधिक सुलभपणें सांपडतें. म्हणून आज आपल्याच वऱ्हाडांत जन्मलेल्या आणि वऱ्हाडांतच कारकुनी केलेल्या एका कवीची ओळख वाचकांस करून द्यावी, असें योजिलें आहे.

या कवीचें नांव नारायण मुरलीधर गुप्ते. महाराष्ट्र त्यांना ‘बी’ या एकाक्षरी नांवानें ओळखतो. त्यांचा जन्म १ जून १८७२ रोजीं बुलढाणा जिल्ह्यांतील मलकापूर येथें झाला. शिक्षण वऱ्हाडांत चालू असतांनाच वडील वारले आणि मॅट्रिकच्या सुमारास शाळेशीं असलेला संबंध तुटला. घरची जबाबदारी अंगावर आली कीं मनाजोगी वाट निवडण्याची सवड राहत नाहीं. मिळेल ती चाकरी धरावी लागते. गुप्ते यांनींही तसेंच केलें. मूर्तिजापूर, अकोला अशा गांवीं कचेरींतील कारकुनीवर त्यांचा संसार चालला. ज्यांच्या कवितेवर पुढें महाविद्यालयांतून व्याख्यानें झालीं, त्यांना स्वतःला महाविद्यालयाची पायरी चढावयास मिळाली नाहीं. परंतु शाळा सुटली तरी अभ्यास सुटला नाहीं, ही त्यांच्या चरित्रांतील पहिली ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट आहे. त्यांच्या कवितेंत तत्त्वचिंतन आहे, संस्कृत शब्दांची ओळख आहे, छंदांची पक्की जाण आहे. हें सर्व त्यांनीं नोकरीच्या धबडग्यांतून उरलेल्या वेळांत मिळविलेलें धन होय.

वऱ्हाड म्हणजे कापसाचा आणि ज्वारीचा मुलूख, येथें काव्य कोठून यावें, असें कित्येकांस वाटतें. आमच्या पातूरच्या मुलांनीं तरी असें म्हणूं नये. पातूर गांव डोंगराच्या पायथ्याशीं आहे, आणि जवळच्या टेकडींत जुनीं कोरींव लेणीं आहेत. गांवावरून अकोल्याचा रस्ता घाट चढून वाशीमकडे जातो. हें वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ती राजधानी होती. त्या वंशांतील सर्वसेन राजानें ‘हरिविजय’ नांवाचें प्राकृत काव्य रचिलें. संस्कृत काव्यशास्त्रांत जिची कोमल, प्रासादिक आणि लांबलचक समासांनीं न गुदमरलेली म्हणून स्तुति केलेली आहे, ती वैदर्भी रीति याच प्रदेशाच्या नांवानें ओळखली जाते. पुढें तेराव्या शतकांत अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूर येथें महदंबेनें श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे ‘धवळे’ गाइले. धवळे म्हणजे लग्नांत गावयाचीं गीतें. तेव्हां स्त्रीच्या तोंडीं शोभेल असें, गातां येईल असें, प्रेम आणि भक्ति एकत्र नांदतील असें गीत या भूमीला नवीन नाहीं. ‘बी’ यांचा चाफा याच मातींत रुजला.

गुप्ते यांची पहिली कविता १८९१ सालीं हरिभाऊ आपटे यांच्या ‘करमणूक’ पत्रांत प्रसिद्ध झाली. तिचें नांव ‘प्रणयपत्रिका’. कवीचें वय तेव्हां अवघें एकोणीस वर्षांचें होतें. प्रेमकवितेचें नांव शाळेच्या अंकांत पाहून एखाद्या पालकाच्या कपाळाला आठी पडेल. त्यांनीं थोडा धीर धरावा. प्रेम म्हणजे काय, या प्रश्नाचा शोध ‘बी’ यांनीं पुढें अनेक वर्षें घेतला, आणि तो शोध कोठवर गेला हें सांगण्यासाठींच हा लेख लिहिला आहे. आरंभीं एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, पत्रिका म्हणजे पत्र. आणि पत्र लिहावयाचें म्हणजे लिहिणारा एकीकडे व वाचणारा दुसरीकडे, असे दोघे आणि त्या दोघांमधलें अंतर हीं आधींच गृहीत धरलेलीं असतात.

आतां टोपणनांवाविषयीं दोन शब्द. ‘बी’ हें मराठींत पेरावयाचें बीज होय, आणि इंग्रजींत याच उच्चाराचा अर्थ मधमाशी असा होतो. अर्थ कोणताही घेतला तरी तो शोभतोच. कारण बीज जमिनींत लपतें आणि मधमाशी गाजावाजा न करितां मध सांठविते. हा कवि तसाच प्रसिद्धीपासून दूर राहणारा होता. छंदाच्या भाषेंत सांगावयाचें तर हें सारें नांव म्हणजे केवळ एक गुरु अक्षर, दोन मात्रांचें. नांवाचा याहून मोठा संक्षेप मराठी काव्यांत क्वचितच सांपडेल.

येथें लहान वाचकांसाठीं मात्रांचा हिशेब थोडक्यांत सांगितला पाहिजे. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरु, त्याच्या दोन मात्रा. चाफा या शब्दांत दोन गुरु म्हणून चार मात्रा. पातूर या नांवांत दोन गुरु आणि एक लघु म्हणून पांच मात्रा. मराठी पद्याचे स्थूलमानानें तीन प्रकार आहेत. ज्यांत प्रत्येक अक्षराचें लघुगुरुत्व ठरलेलें असतें तें वृत्त. ज्यांत मात्रांची बेरीज आणि त्यांचे गट ठरलेले असतात ती जाति. आणि ज्यांत मुख्यतः अक्षरांच्या संख्येवर चाल बसते, म्हणतांना अक्षर लांबवितां येतें, तो छंद. आपल्या आजींच्या ओव्या आणि वारकऱ्यांचे अभंग या तिसऱ्या प्रकारांत येतात. या सर्व विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी कवि माधव जूलियन यांनीं ‘छंदोरचना’ या ग्रंथांत केली. तो ग्रंथ १९२७ सालीं निघाला आणि त्याची वाढविलेली आवृत्ति १९३७ सालीं आली. ‘बी’ यांनीं शास्त्र लिहिलें नाहीं; परंतु कोणत्या भावनेला कोणती चाल साजेल, हें त्यांचे कान अचूक सांगत असत.

याचें पहिलें उदाहरण त्यांची ‘माझी कन्या’ ही कविता. गरीब बापाची लहान मुलगी. श्रीमंतांच्या मुलींनीं तिला हिणविलें म्हणून ती रडत घरीं येते आणि बाप तिची समजूत घालतो. अश्रूंचें नांवही न घेतां, नुसत्या उपमानांनींच, तो तिला रडण्याचें कारण विचारतो. ज्याचें वर्णन करावयाचें तें झांकून ठेवून केवळ उपमानच पुढें करणें, ही एक जुनी आणि नाजुक युक्ति आहे. मुलीच्या डोळ्यांतील पाण्याकडे बापाला सरळ पाहवत नाहीं, म्हणून तो आडून बोलतो. येथें अलंकार हा दागिना नसून बापाच्या मनाची स्थिति आहे. या कवितेची जाति दिंडी. दिंडीच्या चरणांत एकोणीस मात्रा असतात; नऊ मात्रांवर विसावा, मग दहा मात्रा, आणि शेवटीं दोन गुरु. दोन्ही भाग अगदीं सारखे नसतात; एका मात्रेचा फरक राहतो. वाचतांना ओळ जराशी अडखळते आणि मग दोन लांब अक्षरांवर जाऊन टेकते. दाटलेल्या कंठानें बोलणाऱ्या माणसाचा श्वास असाच चालतो. करुणरसाच्या प्रसंगीं आपल्या कवींनीं आणि संगीत नाटककारांनीं दिंडी वारंवार वापरली, तिचें कारण यावरून कळतें. तुटपुंज्या मिळकतीवर घर चालविणाऱ्या एका कारकुनानें बापाचें हें दुःख लिहिलें, हेंही विसरूं नये.

आतां ‘चाफा’. ही लहानशी कविता महाराष्ट्रांत घरोघर पोंचली आहे. कारण वसंत प्रभु यांनीं तिला चाल दिली आणि लता मंगेशकर यांनीं ती गाइली. ज्यांना कवीचें नांव ठाऊक नाहीं त्यांनाही गीत ठाऊक असतें. गीतांतील कथा सोपी आहे. एक स्त्री बोलत आहे आणि चाफा रुसला आहे. त्याचा रुसवा जावा म्हणून ती आमराईंत जाते, केतकीच्या बनांत जाते, माळ तुडविते. कडे, नदी, मेघ आणि वीज यांच्या खेळांत सांपडते. तरी चाफा खुलत नाहीं. मग ती त्याला बाहेरच्या या खेळापलीकडील एका निर्मळ खेळास बोलाविते. दृष्टीस दृष्टि मिळते आणि चाफा फुलतो.

या कवितेंत कवीनें दिंडी घेतली नाहीं, अक्षरगणवृत्तही घेतलें नाहीं; ओवीच्या आणि लोकगीताच्या जवळची मोकळी, गातां येणारी रचना घेतली. जी स्त्री रानावनांतून हिंडत बोलते, तिच्या तोंडीं गणांच्या काटेकोर चौकटीपेक्षां बायकांच्या गाण्याची चालच खरी वाटते. परंतु मोकळी म्हणजे सैल नव्हे. आरंभच पाहावा. चाफ्याचें नांव तीन वेळां येतें आणि तीन नकार येतात. तो बोलण्यास, चालण्यास आणि फुलण्यास तयार नाहीं. नकाराचें एकच अक्षर अंत्ययमक होऊन पुन्हां पुन्हां कानांवर आदळतें. पहिले दोन्ही तुकडे पांच-पांच अक्षरांचे आहेत आणि त्यांतील एकूणएक अक्षरें गुरु आहेत. एकही लघु अक्षर नाहीं! झाड जागचें हालत नाहीं, आणि ओळही जड पावलानें उभी राहते. कवीनें रुसव्याचें वर्णन केलें नाहीं. तो आपल्या जिभेला करावयास लावला.

पुढें स्त्री हिंडूं लागते तसतशीं लघु अक्षरें ओळींत शिरतात आणि चाल हलकी होते. वीज लवते तेथें लघु अक्षरें एकामागून एक धांवतात. कडे आणि नदी येतात तेथें ड, ढ यांसारखीं कठोर व्यंजनें गर्दी करतात आणि ओज उत्पन्न होतो. आमराईंत आणि केतकीच्या बनांत मृदु वर्ण असतात. हा अनुप्रास केवळ नादासाठीं नाहीं. ज्या ठिकाणीं ती उभी आहे त्या ठिकाणचा आवाज त्यांत आहे. प्रत्येक कडव्याची ठेवणही नेमकी आहे. आधीं दोन आंखूड ओळी, त्यांचें आपसांत यमक. मग एक लांब ओळ, तिचें यमक पुढच्या कडव्यांतील लांब ओळीशीं जुळणारें. आंखूड ओळींचीं यमकें कडव्यागणिक बदलतात, लांब ओळीचें यमक बदलत नाहीं. रानें बदलतात, खेळ बदलतात, परंतु जिच्यासाठीं हें सारें चाललें आहे ती एक ओढ बदलत नाहीं, हेंच या रचनेनें सांगितलें आहे.

अलंकारांपैकीं मुख्य म्हणजे चेतनगुणोक्ति. झाडाला रुसवा, खंत आणि मन दिलें आहे. आपल्या देवळांच्या आवारांतील देवचाफा ज्यानें पाहिला आहे त्याला ही कल्पना ओढून आणलेली वाटणार नाहीं. पानें गळून उघड्या फांद्यांनीं तो असा उभा राहतो कीं, पाहणाराला तो खरोखरच कोणावर तरी रागावला आहे असें वाटावें. आणि मग एके दिवशीं त्याच निष्पर्ण फांद्यांवर फुलें येतात. कवितेंतला चाफा कोणता हें कवीनें सांगितलेलें नाहीं. तो प्रियकर कीं परमात्मा, कीं कवीची स्वतःचीच रुसलेली प्रतिभा, याविषयीं रसिकांनीं निरनिराळे अर्थ केले आहेत. एका अर्थाच्या आडून दुसरा बोलविणें, ही अन्योक्तीच्या जवळची रीति होय. तिच्यामुळें लहान कविता प्रत्येक वाचकाच्या वयाबरोबर वाढत जाते.

परंतु सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी युक्ति वेगळीच आहे. लांब ओळीच्या शेवटीं ती स्त्री चाफ्याला ‘रे’ म्हणून हांक मारते. हें एकच अक्षर वरवर पाहतां पादपूरणासाठीं घातलेलें दिसतें. परंतु हांक मारावयाची म्हणजे मारणारा एक आणि ऐकणारा दुसरा, असे दोन असावे लागतात. जोंवर ती हांक आहे तोंवर दोघांमध्यें अंतर आहे. शेवटच्या कडव्यांत चाफा फुलतो तेव्हां दिशाही उरत नाहींत, आणि आपण कोण, चाफा कोण, दोघे आहेत कोठें, असा प्रश्न पडून कविता संपते. हांक मारतां मारतांच हांक मारणारी हरपली! एकोणिसाव्या वर्षीं प्रेमाचें पत्र लिहिणाऱ्या कवीचा शोध येथवर आला. पत्रांत दोघे होते. चाफ्यांत दोघे उरले नाहींत. जें प्रेम मागण्यापासून आरंभतें तें स्वतःला विसरण्यापर्यंत पोंचावें, हें त्यांना सांगावयाचें होतें. आणि तें त्यांनीं उपदेशानें नव्हे, तर यमकांनीं, मात्रांनीं आणि एका संबोधनानें सांगितलें. शंकित पालकांना आमचें उत्तर हेंच आहे. असली प्रेमकविता मुलांनीं वाचूं नये तर काय वाचावें?

‘बी’ यांनीं फार थोडें लिहिलें. त्यांच्या कवितांची एकूण संख्या पन्नासाच्या आंतच आहे. त्यांचा पहिला संग्रह ‘फुलांची ओंजळ’ १९३४ सालीं निघाला. त्याला आचार्य अत्रे यांची प्रस्तावना होती. पहिली कविता छापून आल्यापासून त्रेचाळीस वर्षांनीं, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, या कवीचें पहिलें पुस्तक झालें! दुसरा संग्रह ‘पिंगा’. दोन्हीही लहानच. पुस्तक लवकर निघावें, नांव गाजावें, मंडळीनें वाहवा करावी, ही उतावीळ त्यांच्या चरित्रांत कोठें दिसत नाहीं. लहान ओंजळ, परंतु तींत शिळें फूल नाहीं. ३० ऑगस्ट १९४७ रोजीं, देश स्वतंत्र झाल्यावर पंधराच दिवसांनीं, छिंदवाडा येथें त्यांचें देहावसान झालें.

या चरित्रावरून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली पालकांसाठीं. घरच्या अडचणीमुळें एखाद्या मुलाचें शिक्षण खंडित होतें, तेव्हां त्याच्या बुद्धीवरच पडदा पडला असें समजूं नये. गुप्ते यांच्या आयुष्याला परिस्थितीनें घातलेली चौकट फार लहान होती. एक कचेरी, एक टेबल, ठराविक पगार. छंदालाही चौकट असते, आणि तिच्यांत राहूनच गाणें निर्माण होतें. अर्थात् दारिद्र्य चांगलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्या बुद्धिमान् मुलाला आणखी शिकावयास मिळतें तर तें हवेंच होतें. परंतु जें मिळालें नाहीं त्याबद्दल कुढत न बसतां, जें हातीं होतें त्याचें सोनें त्यांनीं केलें.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठीं. यापुढें वृत्त ओळखण्याचा प्रश्न सोडवाल तेव्हां वृत्ताचें नांव लिहून थांबूं नका. गुण त्या नांवाला मिळतील, परंतु आनंद पुढच्या प्रश्नाला आहे. ही चाल येथें कां आली, हें लघु अक्षर येथें कां धांवलें, हें यमक कां बदललें नाहीं, हें स्वतःला विचारा. आणि एक सोपा अभ्यास आजच करून पाहा. घरांतलें जातें बहुधा कोपऱ्यांत गेलें असेल, परंतु आजीला त्यावरची एखादी ओवी अजून आठवत असेल. ती म्हणावयास सांगा, बोटांवर तिचीं अक्षरें मोजा, आजी कोणतें अक्षर लांबविते तें ऐका. छंदःशास्त्राचा पहिला धडा आपल्या घरांतच होता, हें तुमच्या ध्यानांत येईल. आणि मलकापुरांत जन्मलेल्या एका मुलानें तो कसा गिरविला असेल, हेंही कळूं लागेल.